सही झाली, कायदा कधी?

23 मार्च 2024 रोजी नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने 35 सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. 'रुएन' हे मालवाहू जहाज डिसेंबर 2023 मध्ये पळवले गेले होते. भर समुद्रातल्या कारवाईत नौदलाने ते परत मिळवले आणि त्यावरच्या 17 खलाशांना सुखरूप सोडवले. पुढचा गुन्हा यलो गेट पोलीस ठाण्याकडे आला. तिथल्या तपास अधिकाऱ्यांच्या हाती या वेळी एक हत्यार होते, 2022 चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा. त्यात चाचेगिरीची व्याख्या आहे, शिक्षा आहे, आणि परदेशी माणसाने परदेशी जहाजावर खुल्या समुद्रात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतीय न्यायालय चालवू शकते, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

याच शहरात पंचवीस वर्षांपूर्वी हे हत्यार नव्हते. ऑक्टोबर 1999 मध्ये इंडोनेशियातून जपानकडे ॲल्युमिनियम घेऊन निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळवले आणि रंग व नाव बदलून अरबी समुद्रात आणले. तटरक्षक दल आणि नौदल यांनी पाठलाग करून नोव्हेंबरमध्ये ते पकडले. पंधरा इंडोनेशियन चाचे मुंबईत आले. जहाज भारताचे नाही, आरोपी भारतीय नाहीत, लूट भारताच्या हद्दीत झालेली नाही. स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या एकाही कायद्यात तेव्हा चाचेगिरीची व्याख्या नव्हती. सत्र न्यायालयाने 2003 मध्ये शिक्षा दिली आणि 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. सारे जग ज्या कारवाईचे कौतुक करत होते, तिचा शेवट असा झाला.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराला जून 1995 मध्येच अंतिम संमती, म्हणजे करार देशावर बंधनकारक करणारी मान्यता, दिली होती. त्या कराराचा अनुच्छेद 105 सांगतो की खुल्या समुद्रात चाच्यांचे जहाज पकडणाऱ्या देशाची न्यायालये शिक्षा ठरवू शकतात. अधिकार मिळाला 1995 मध्ये, तो वापरायचा कायदा झाला 2022 मध्ये. मधल्या काळात, 2011 मध्ये, नौदलाने शंभराहून अधिक सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले, आणि दंडसंहिता, शस्त्र कायदा अशी मिळतील ती कलमे जोडून खटले उभे करावे लागले. ही सत्तावीस वर्षे कोणा एका सरकारच्या माथी मारता येणार नाहीत. आपल्या राज्यघटनेत करार करणारा हात आणि कायदा करणारा हात वेगळे आहेत, आणि दोघांना बांधणारा दुवा संसदेने आजवर तयार केलेला नाही. तो तयार करणे संसदेचे काम आहे आणि त्यासाठी घटनादुरुस्तीसुद्धा लागत नाही, हे या लेखात मांडायचे आहे.

घटनेत काय आहे ते आधी पाहू. अनुच्छेद 51 चा खंड (ग) म्हणतो की राज्याने आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांतली बंधने यांबद्दल आदर वाढवण्यासाठी झटावे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि अनुच्छेद 37 नुसार ते घेऊन थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. सातव्या अनुसूचीतल्या केंद्रसूचीत 14 वी नोंद आहे: परकीय देशांशी तह व करार करणे आणि त्यांची अंमलबजावणी करणे. अनुच्छेद 73 नुसार ज्या विषयावर संसद कायदा करू शकते, त्या विषयावर केंद्र सरकारचा कार्यकारी अधिकारही चालतो. मग अनुच्छेद 253. एखादा करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेतला निर्णय अमलात आणण्यासाठी संसद संपूर्ण देशाकरिता कोणताही कायदा करू शकते. विषय राज्यसूचीतला असला तरी.

या चार तरतुदी एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होते. करार करण्याची पद्धत संसद कायद्याने ठरवू शकते, पण तिने ती ठरवलेली नाही. म्हणून अनुच्छेद 73 च्या आधारे मंत्रिमंडळच बोलणी करते, सही करते आणि अंतिम संमतीही देते. संसदेला विचारावेच लागेल अशी सक्ती कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये कच्छच्या रणाच्या निवाड्यासंबंधी मगनभाई पटेल खटल्यात हीच स्थिती मान्य केली: करार सरकार करू शकते, मात्र नागरिकांचे हक्क बदलणार असतील किंवा प्रचलित कायदा बदलावा लागणार असेल, तर संसदेचा कायदा हवा. भूभाग देऊन टाकायचा असेल तर कायदाही पुरत नाही. बेरुबारीच्या प्रकरणात 1960 मध्ये न्यायालयाने घटनादुरुस्ती आवश्यक ठरवली आणि त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली. बांगलादेशाशी 1974 मध्ये झालेला भूसीमा करार 2015 मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीनंतरच पुरा झाला. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या एकूण 162 वस्त्यांमधली माणसे करारानंतरही एकेचाळीस वर्षे धड कुठलीच नव्हती.

न्यायालये मधे पडून ही पोकळी भरतात, हे खरे आहे आणि त्याचा अभिमानही वाटावा असा आहे. विशाखा निकालात 1997 मध्ये स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतचा आंतरराष्ट्रीय करार आधाराला घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले गेले; संसदेचा कायदा आला 2013 मध्ये. 'एम. व्ही. एलिझाबेथ' खटल्यात 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जहाज अटकावून ठेवण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि भारताने न स्वीकारलेल्या ब्रुसेल्स करारांचाही आधार घेतला. 1861 आणि 1890 च्या ब्रिटिश कायद्यांवर चालणारी मुंबईची नौवहन वकिली त्या निकालावर पुढची पंचवीस वर्षे उभी राहिली. मग 2017 चा नौकाधिकरण कायदा झाला.

पण न्यायालयाच्या या औदार्याला जिथे ठाम अटकाव आहे, अशा जागा आहेत. अनुच्छेद 20 नुसार कृत्य घडले तेव्हा अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा देता येते. अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही. विशाखासारखे नियम घालून न्यायाधीश चाचेगिरीचा गुन्हा निर्माण करू शकत नाहीत. म्हणजे कराराचे सर्वांत टोकदार परिणाम जिथे होतात, नेमका तिथे न्यायालयाचा हात पोचत नाही आणि संसद जागी झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

विमानांचे उदाहरण मुंबईला जवळचे आहे. भाड्याने दिलेली विमाने आणि इंजिने यांवरील मालकाच्या हक्कांसाठी केपटाउन करार आहे. भारताने तो 2008 मध्ये स्वीकारला. स्वीकारताना घोषणा केली की विमान कंपनी दिवाळखोरीत गेली तर दोन महिन्यांत थकबाकी भरावी किंवा विमान मालकाला परत द्यावे. या भरवशावर परदेशी भाडेकंपन्या दर ठरवतात; भरवसा जितका पक्का, तितके भाडे कमी. देशातला कायदा मात्र केला नाही. मग 2016 मध्ये दिवाळखोरी संहिता आली. तिच्या कलम 14 नुसार प्रकरण दाखल करून घेतले की स्थगिती लागू होते आणि कंपनीच्या ताब्यातली वस्तू मूळ मालकालाही नेता येत नाही. कलम 238 म्हणते की इतर कायद्यांशी विसंगती आली तर ही संहिता वरचढ. करार तर मुळात देशी कायदाच नव्हता. तो कसला टिकणार? मुंबईत मुख्यालय असलेली 'गो फर्स्ट' मे 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची पन्नासहून अधिक विमाने जमिनीवर अडकली आणि मालक न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमानांना स्थगितीतून वगळले. एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला, आणि विमानांतील हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा 2025 मध्ये झाला. जगाला शब्द दिल्यावर सतरा वर्षांनी. त्या काळात धोक्याची किंमत भाड्यात चढली, आणि ती भाडी शेवटी तिकीट काढणाऱ्याने भरली.

औषधांच्या पेटंटबाबत तर नाचक्की जाहीरपणे झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताने 15 एप्रिल 1994 रोजी मराकेशला सही केली. अंतिम संमतीसाठी संसदेत मतदान झाले नाही. 1 जानेवारी 1995 पासून औषधांच्या पेटंटचे अर्ज स्वीकारून ठेवण्याची सोय करणे बंधनकारक होते. सरकारने 31 डिसेंबर 1994 रोजी वटहुकूम काढला. मुदतीत त्याचा कायदा न झाल्याने तो व्यपगत झाला. विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण 1996 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि तेही बुडाले. सरकारने पेटंट कार्यालयांना प्रशासकीय सूचना देऊन अर्ज घेणे चालू ठेवले. अमेरिकेने तक्रार केली. डिसेंबर 1997 मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने निर्णय दिला की अशा सूचनांना कायद्याचा भक्कम आधार नाही, आणि भारत हरला. कायदा 1999 मध्ये बदलला, आणि औषधांना प्रत्यक्ष उत्पादन-पेटंट 2005 पासून मिळू लागले. 1970 च्या पेटंट कायद्याच्या जोरावर स्वस्त औषधे बनवणारा मुंबई आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातला उद्योग दहा वर्षे अधांतरी राहिला. ज्या संसदेने तो कायदा 1970 मध्ये केला, तिला तो बदलण्याचे वचन देण्याआधी कोणी मत विचारले नव्हते. आणि वचन दिल्यावर विचारले, तेव्हा तिने हात आखडला. दोष संसदेचा की सरकारचा, हा वाद व्यर्थ आहे. क्रमच उलटा होता.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला करप्रकरणे आहेत. तिथे करार संसदेला न विचारता तत्काळ लागू होतो. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 90 घालून संसदेने आगाऊ मुभा दिली: सरकारने दुहेरी कर टाळण्याचा करार करावा, राजपत्रात अधिसूचना काढावी, आणि करदात्याला कायदा व करार यांतले जे फायद्याचे असेल ते लागू व्हावे. मॉरिशसशी 1982 मध्ये झालेला करार असाच अमलात आला. भांडवली नफ्यावर मॉरिशसच्या कंपन्यांना इथे कर नाही, या एका कलमामुळे मुंबईच्या शेअर बाजारात येणाऱ्या परकीय पैशाची वाट कित्येक वर्षे त्या बेटावरून गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये आझादी बचाओ आंदोलन खटल्यात ही व्यवस्था वैध ठरवली. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवर कर आला. अंदाजपत्रकातल्या एखाद्या अधिभारावर लोकसभेत तासन्‌तास चर्चा होते. या करारावर, तो करताना आणि बदलताना, मतदान झाले नाही.

अधिसूचनेचे महत्त्व किती, हे नेस्ले खटल्याने 19 ऑक्टोबर 2023 रोजी दाखवले. नेदरलँड्स, फ्रान्स, स्वित्झर्लंड यांच्या करारांत अट होती की भारताने पुढे 'ओईसीडी' या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या दुसऱ्या एखाद्या देशाला लाभांशावर कमी दर दिला तर तोच यांनाही मिळेल. ती अट आपोआप लागू होत नाही, प्रत्येक वेळी राजपत्रात वेगळी अधिसूचना हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. देशी कायद्याच्या चौकटीत निकाल सुसंगत आहे. पण स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2025 पासून आपल्या बाजूची ती सवलत थांबवली, आणि तिथून लाभांश मिळवणाऱ्या भारतीय कंपन्यांचा दर 5 वरून 10 टक्क्यांवर गेला. परदेशी लवादाच्या निवाड्यांनाही हाच सापळा आहे. 1958 चा न्यूयॉर्क करार दीडशेहून अधिक देशांनी स्वीकारला आहे. मात्र लवाद कायद्याच्या कलम 44 नुसार तो निवाडा ज्या देशात झाला त्याचे नाव भारताच्या राजपत्रात असेल, तरच मुंबई उच्च न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येते. अशी नावे निम्म्याहूनही कमी देशांची आहेत. परदेशी पक्षाशी करारनामा करताना लवादाचे ठिकाण निवडण्याआधी ही यादी तपासली नाही, तर जिंकलेला निवाडा हातात राहतो आणि वसुली होत नाही.

म्हणजे एकीकडे संमती देऊन कायदा नाही, दुसरीकडे कायद्याच्या बरोबरीचा परिणाम पण संसदेची संमती नाही. वरवर उलट वाटणारे हे दोन दोष एकाच उणिवेतून येतात. अंतिम संमती देण्याच्या क्षणी संसद दालनाबाहेर असते.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? नेदरलँड्सची घटना सर्वांत पुढे गेली आहे. तिच्या अनुच्छेद 94 नुसार सर्वांना बंधनकारक असलेल्या कराराच्या तरतुदीशी विसंगत देशी कायदा लागूच होत नाही. अनुच्छेद 120 नुसार तिथला न्यायाधीश संसदेचा कायदा घटनेच्या कसोटीवर तपासू शकत नाही. कराराच्या कसोटीवर मात्र तपासू शकतो. आपल्याकडचे काही विद्वान याच वाटेची शिफारस करतात. ती मला धोक्याची वाटते, आणि कारण साधे आहे. डच व्यवस्थेत करार आधी संसदेपुढे जातो, आणि घटनेशी विसंगत असेल तर दोन-तृतीयांश मते लागतात. आपल्याकडे करार मंत्रिमंडळात होतो. त्याला थेट कायद्याचे बळ दिले तर सरकार परदेशात सही करून इथले कायदे रद्द करू शकेल.

अमेरिकेच्या घटनेत करार हा देशाचा सर्वोच्च कायदा आहे आणि त्यासाठी सिनेटची दोन-तृतीयांश संमती लागते. तरीही मेदेयिन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ठरवले की आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निर्णय काँग्रेसच्या कायद्याशिवाय टेक्सासवर बंधनकारक नाही. घटनेतले भव्य वाक्यही अंमलबजावणीच्या कायद्याची गरज टाळत नाही. जर्मनीत अनुच्छेद 59 नुसार महत्त्वाच्या करारांना संसदेचा मंजुरी कायदा लागतो. तोच करार देशात लागू करतो. दोन्ही कामे एका फटक्यात होतात. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या घटनेत कलम 231 नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचा ठराव लागतो. 2016 मध्ये तिथल्या सरकारने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून परस्पर बाहेर पडायचा प्रयत्न केला, तेव्हा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. नेपाळच्या 2015 च्या घटनेतही सीमा, संरक्षण, नैसर्गिक संपत्ती यांविषयीचे करार संसदेकडे जातात.

आपल्याला सर्वांत जवळचा नमुना ब्रिटनचा, कारण आपली पद्धत त्यांच्याकडूनच आली. राजाच्या नावाने मंत्री करार करतात आणि संसदेच्या कायद्याशिवाय तो देशात लागू होत नाही, ही ती पद्धत. त्यांनी मात्र ती बदलली. 1924 पासून करार संसदेपुढे ठेवण्याची प्रथा होती. 2010 मध्ये तिचा कायदा झाला. करार 21 बैठक-दिवस पटलावर राहतो, आणि कनिष्ठ सभागृह विरोधाचा ठराव करून अंतिम संमती रोखून धरू शकते. भारत-ब्रिटन व्यापार कराराचेच पाहा. 24 जुलै 2025 रोजी त्यावर सह्या झाल्या, ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान मोठे व्यापारी शिष्टमंडळ घेऊन मुंबईत आले. कागद एकच. तिकडे त्याला संसदेत ठरावीक दिवस घालवावे लागतात. इकडे तशी अट नाही. आयातशुल्क कमी करायला 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली अधिसूचना पुरते. न्हावा शेव्याला कंटेनर सोडवणाऱ्या आयातदाराला नवा दर त्या अधिसूचनेत कळेल. त्या दरामुळे ज्याचा कारखाना अडचणीत येईल, त्या लघुउद्योजकाच्या खासदाराला मात्र अंतिम संमतीआधी प्रश्न विचारायची ठरलेली जागा नाही.

राज्यांची बाजू याहून अवघड आहे. 1935 च्या भारत सरकार कायद्यात कलम 106 होते. केवळ करार झाला म्हणून केंद्रीय विधिमंडळाला प्रांतांच्या विषयावर कायदा करता येत नसे, प्रांताच्या गव्हर्नरची आधी संमती लागे. कॅनडात 1937 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असाच निर्णय दिला आणि आजही तिथे प्रांतांच्या विषयांवरचे करार प्रांतांनीच अमलात आणायचे असतात. आपल्या घटनाकारांनी ती अट जाणीवपूर्वक काढली आणि अनुच्छेद 253 आणला. तो निर्णय योग्य होता, असे मी मानतो. पाण्याच्या प्रदूषणाचा 1974 चा कायदा अनुच्छेद 252 खाली, राज्यांकडून ठराव गोळा करून करावा लागला. हवेच्या प्रदूषणाचा 1981 चा आणि पर्यावरण संरक्षणाचा 1986 चा कायदा 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन थेट झाले. चेंबूर-माहुलच्या हवेला राज्यांच्या ठरावांची वाट पाहायला लावणे परवडले नसते.

पण अधिकार देणे आणि विचारणाही न करणे यांत फरक आहे. शेती राज्यसूचीत आहे. शेतमालावरची अनुदाने आणि आयातशुल्क यांच्या मर्यादा जागतिक व्यापार संघटनेच्या 1994 च्या करारात ठरल्या, आणि त्यांचा भार विदर्भातल्या कापसावर आणि सोयाबीनवर पडतो. महाराष्ट्र सरकारने आपले म्हणणे लेखी मांडायचे तर कोणत्या टप्प्यावर, कोणाकडे, किती दिवसांत? याचे उत्तर देणारा कायदा नाही. जिथे राज्य आधीपासून सहभागी असते, तिथे कारभार कसा सुधारतो, हे ठाणे खाडीने दाखवले आहे. 2022 मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे रामसर, यादीत गेली. तो प्रस्ताव राज्यातून गेला होता, आणि 2017 चे पाणथळ जागांचे नियम पर्यावरण कायद्याखाली आधीच होते. म्हणून ऐरोली किंवा भांडुपच्या बाजूला भराव पडताना दिसला तर नागरिक आंतरराष्ट्रीय कराराची दुहाई न देता देशी नियमावर बोट ठेवून दाद मागू शकतो.

शब्द पाळण्याच्या बाबतीत मुंबईतला अबू सालेमचा खटला प्रत्येक सरकारी वकिलाने वाचावा. पोर्तुगालकडून त्याला 2005 मध्ये आणण्याआधी, डिसेंबर 2002 मध्येच, तत्कालीन उपपंतप्रधानांनी लेखी हमी दिली होती: मृत्युदंड नाही, आणि 25 वर्षांपेक्षा अधिक कैद नाही. इथल्या टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली, कारण ते भारतीय कायद्याने चालते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये मार्ग काढला. न्यायालय हमीने बांधलेले नाही, पण सरकार बांधलेले आहे. म्हणून 25 वर्षे पुरी होताच सरकारने राष्ट्रपतींना अनुच्छेद 72 खाली शिक्षा माफ करण्याचा सल्ला द्यावा. 1993 च्या स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांना हे कडू वाटेल, आणि त्यांच्या भावनेपुढे मान झुकवावीशी वाटते. तरीही पुढचा आरोपी आणायचा तर मागची हमी पाळावीच लागते. माझा आग्रह एवढाच की अशी हमी कोणी, कोणत्या अटींवर द्यायची, हे प्रत्यार्पण कायद्यात लिहिलेले असावे. मृत्युदंडाबाबत कलम 34-ग आहे. वर्षांच्या मर्यादेबाबत काही नाही.

आता नवा कायदा कसा हवा ते. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने 2002 मध्येच केंद्रसूचीतल्या 14 व्या नोंदीखाली असा कायदा करण्याची शिफारस केली होती. वीस-पंचवीस कलमांत तो बसेल. करारांचे तीन वर्ग करावेत. प्रचलित कायदा बदलणारे, कर किंवा शुल्क बदलणारे, राज्यसूचीतल्या विषयाला हात घालणारे आणि परकीय लवादापुढे भारताला उभे करणारे करार पहिल्या वर्गात. त्यांना दोन्ही सभागृहांचा साध्या बहुमताचा ठराव हवा. दुसऱ्या वर्गातले करार ब्रिटनप्रमाणे ठरावीक बैठक-दिवस पटलावर राहावेत आणि विरोधाचा ठराव न झाल्यास संमती गृहीत धरावी. विमानसेवेच्या फेऱ्या, सांस्कृतिक देवाणघेवाण असे नित्याचे करार तिसऱ्या वर्गात. त्यांची फक्त माहिती द्यावी. वर्ग कोणता, हे एकट्या परराष्ट्र मंत्रालयाने ठरवू नये. संसदेच्या एका स्थायी समितीला तो बदलण्याचा अधिकार असावा.

प्रत्येक करारासोबत टिपण सक्तीचे असावे. कोणत्या कायद्याचे कोणते कलम आड येते, ते बदलणारे विधेयक कोठे आहे, राजपत्रात कोणत्या अधिसूचना निघायच्या आहेत, राज्यांनी काय कळवले, खर्च किती, बाहेर पडायची तरतूद कशी, हे सर्व त्यात असावे. ज्या करारासाठी कायदा लागतो, त्याची अंतिम संमती तो कायदा अमलात येईपर्यंत सरकारने जमा करू नये. केपटाउनबाबत एवढे एकच पथ्य पाळले असते तर 2023 ची वेळ आली नसती. देशी कायदा आड येतो ही सबब आंतरराष्ट्रीय पातळीवर चालत नाही. करार कसे करायचे व पाळायचे हे सांगणाऱ्या 1969 च्या व्हिएन्ना कराराचा भारत सदस्य नसला तरी हा नियम रूढीने सर्वांवर आहे.

यावर पहिला आक्षेप गुप्ततेचा येतो. वाटाघाटी गुप्त असाव्यात हे मान्य. पण करार संसदेपुढे ठेवायचा तो मजकूर ठरून सही झाल्यावर, आणि तोवर तो समोरच्या देशाच्या संसदेत छापूनही गेलेला असतो. दुसरा आक्षेप वेळेचा. आपली संसद वर्षात साठेक दिवस बसते, 21 बैठक-दिवस म्हणजे चार-पाच महिने जातील. हा आक्षेप खरा आहे. म्हणून तातडीचे कलम हवे: युद्ध, आपत्ती, साथ अशा वेळी आधी संमती आणि पुढच्या अधिवेशनात ठराव. तिसरा आक्षेप असा की सरकारला बहुमत असतेच, मग हा सोपस्कार कशाला? बहुमत असलेल्या सरकारलाही टिपण लिहावे लागेल, आणि ते लिहिताना कायदा खात्याच्या अधिकाऱ्याला दिवाळखोरी संहितेतल्या कलम 14 आणि कलम 238 सारख्या अडचणी नजरेस पडतील. आजवरच्या चुका बहुतांशी वाईट हेतूने झालेल्या नाहीत. एका मंत्रालयाने करार केला आणि दुसऱ्याने कायदा लिहिताना तो पाहिला नाही, एवढेच घडले.

शेवटच्या कलमात जुन्या हिशेबाची तरतूद करावी लागेल. कायदा लागू झाल्यापासून वर्षभरात परराष्ट्र मंत्रालयाने भारतावर बंधनकारक असलेल्या सर्व करारांची यादी पटलावर ठेवावी आणि प्रत्येकासमोर तो अमलात आणणारा कायदा किंवा अधिसूचना लिहावी. समोरचा रकाना रिकामा असेल तर विधेयक कधी येणार ती तारीख. सही होऊनही अंतिम संमती न दिलेल्या करारांची वेगळी यादी असावी. छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर 1997 मध्ये सही केली आहे. त्यासाठीचे विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकले आणि बुडाले. विधी आयोगाने 2017 मध्ये 273 व्या अहवालात नवा मसुदाही दिला. विमानातून शस्त्रे टाकल्याच्या पुरुलिया प्रकरणातला आरोपी किम डेव्ही भारतात छळ होईल या कारणाने डेन्मार्कच्या न्यायालयाने 2011 मध्ये दिला नाही. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणासाठी आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक 12 चे चित्रीकरण लंडनच्या न्यायालयात दाखवावे लागले. विधी आयोगाचा तो मसुदा विधेयकाच्या रूपात आणायला कोणत्याही परदेशाची संमती लागत नाही, आणि मुंबईच्या सहा लोकसभा खासदारांपैकी मंत्री नसलेला कोणीही तो शुक्रवारी खासगी विधेयक म्हणून मांडू शकतो.